मेंदूचा हादरा, क्रीडाजन्य

खेळताना डोके, चेहरा, मान किंवा शरीराचा अन्य भाग यांवर बसलेल्या आघाताचे बल मेंदूपर्यंत पोहोचून त्याच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्यास क्रीडाजन्य मेंदूचा हादरा असे म्हणतात. वैद्यकात ही अवस्था ‘कन्कशन’ या नावाने ओळखली जाते. बोलीत ‘डोक्याला मुका मार लागला’, ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’, ‘डोके बधिर झाले’ अशा शब्दांत तिचे वर्णन केले जाते. या इजेत कवटीचे हाड मोडत नाही, बहुधा जखमही दिसत नाही आणि नेहमीच्या प्रतिमाचित्रणात मेंदू निर्दोष आढळतो. त्यामुळे ती क्षुल्लक समजण्याकडे सर्वसाधारण कल असतो. एकच हादरा योग्य विश्रांतीनंतर बहुधा पूर्णपणे बरा होतो. तथापि बाल्य व कुमारवयात असे हादरे वारंवार बसले, विशेषतः आधीचा हादरा भरून येण्यापूर्वीच दुसरा बसला, तर डोकेदुखी, विस्मरण, चिडचिड, निद्रानाश, खिन्नता यांसारखे परिणाम महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकून राहतात. प्रस्तुत नोंदीत या विकाराची सर्वसाधारण माहिती देऊन, कुस्ती व कबड्डी या खेळांची दृढ परंपरा असलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

इतिहास : डोक्यावरील आघाताने काही काळ वाचा, दृष्टी किंवा श्रवण जाते, असे निरीक्षण हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील प्राचीन ग्रीक ग्रंथांत आढळते. दहाव्या शतकात अल्-राझी या इराणी वैद्याने मेंदूची प्रत्यक्ष जखम आणि केवळ कार्याचा तात्पुरता बिघाड यांत भेद केला. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकाने मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या अडखळत्या चालीचे, कंपाचे व मंदबुद्धीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३७ मध्ये जे. ए. मिल्सपॉ यांनी त्याला ‘मुष्टियोद्ध्यांचा बुद्धिभ्रंश’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. ब्रिटिश भौतिकीविज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ मध्ये, डोके सरळ रेषेत आदळण्यापेक्षा त्याला एकाएकी पीळ वा गती मिळणे मेंदूला अधिक घातक असते, हा विचार मांडला आणि पुढील प्रयोगांनी तो दृढ झाला. १९७३ मध्ये जे. ए. एन. कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे २००५ मध्ये बेनेट ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी माइक वेब्स्टर (मृत्यू २००२) या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या मेंदूतील तत्सम बदलांचे वर्णन केले. तेव्हापासून हा प्रश्न मुष्टियुद्धापुरता मर्यादित नसून धडकीच्या सर्वच खेळांचा आहे, हे मान्य होऊ लागले. क्रीडाजन्य हादऱ्यांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्ना येथे भरली. तिच्या मालिकेतील २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले असून प्रचलित उपचारपद्धती प्रामुख्याने त्यांवर आधारलेली आहे.

भारतात हा विषय सर्वसामान्यांपुढे आला तो क्रिकेटमुळे. १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात बार्बेडोस येथे चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू लागून भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. त्यांचा जीव वाचला, परंतु त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथे शिरस्त्राणावाचून फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करणारे रमण लांबा यांचा डोक्यास चेंडू लागल्याने मृत्यू झाला. या दोन्ही इजा हादऱ्यापेक्षा पुष्कळच गंभीर होत्या. मात्र डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाहेर काढून त्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये येण्यास २०१९ हे वर्ष उजाडावे लागले.

कारणे व विकृतिविज्ञान : मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या पोकळीत मस्तिष्क मेरुद्रवात तरंगत असतो. डोके वेगाने हलून एकदम थांबले किंवा मानेभोवती झटक्याने फिरले, म्हणजे कवटी थांबते, पण मेंदू जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. त्याच्या थरांमध्ये ताण व पीळ पडून तंत्रिका कोशिकांचे (मज्जापेशींचे) लांब तंतू ओढले जातात. हादरा बसण्यासाठी डोके प्रत्यक्ष आपटलेच पाहिजे असे नाही. छातीवर किंवा पाठीवर बसलेल्या जोरदार धडकेने मानेला हिसका बसूनही तो होऊ शकतो.

ताणल्या गेलेल्या कोशिकांच्या पटलांतून पोटॅशियमाचे आयन बाहेर पडतात, कॅल्शियमाचे आत शिरतात आणि ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याचा अतिरिक्त स्राव होतो. हा समतोल पूर्ववत करण्यासाठी कोशिकांना जादा ऊर्जा लागते. परंतु नेमक्या याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. गरज व पुरवठा यांतील ही तफावत काही दिवस ते काही आठवडे टिकते. या अवधीत मेंदू दुसऱ्या आघातास विशेष दुर्बल असतो. पहिल्यापेक्षा सौम्य आघातही अशा वेळी अधिक हानी करतो. ‘बरे वाटते’ आणि ‘मेंदू बरा झाला’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे लक्षात घेतल्यास पुढील सर्व पथ्यांचे मर्म कळते.

मुलांमध्ये हा धोका अधिक असतो. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, तर मानेचे स्नायू दुर्बल असतात. शिवाय तंत्रिका तंतूंवरील आवरण पूर्ण झालेले नसते आणि विचार व संयम यांच्याशी संबंधित अग्रभागाची वाढ विशीच्या पुढेपर्यंत चालू राहते. प्रौढ खेळाडूंची लक्षणे बहुधा दोन आठवड्यांत मावळतात, तर मुलांना चार आठवड्यांपर्यंत कालावधी लागू शकतो. मुलींना बरे होण्यास मुलांपेक्षा अधिक वेळ लागतो, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संदर्भ : कृष्णा व वारणा यांच्या खोऱ्यांत कुस्ती हा केवळ खेळ नसून गावाच्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने हे हिंदकेसरी असून १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी पदके पटकाविली होती. सांगली जिल्ह्यातील कुंडलचे मैदान व सातारा जिल्ह्यातील पुसेगावची यात्रा यांसारख्या ठिकाणच्या कुस्त्यांना दूरदूरचे शौकीन जमतात. महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२२ मध्ये साताऱ्यात, तर महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत भरली. या भागातील अनेक मुले दहा-बारा वर्षांच्या वयात गावच्या तालमीत जातात आणि त्यांतील होतकरू मुले पुढे कोल्हापूरच्या तालमींत मुक्कामास राहतात.

कुस्तीत डोक्याला मार लागण्याचे प्रसंग तीन प्रकारचे असतात. खडाखडीत दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. पट काढण्यासाठी खाली शिरणाऱ्याचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर वा मांडीच्या हाडावर बसते. तिसरा प्रकार म्हणजे धोबीपछाड, ढाक, कलाजंग यांसारख्या उचलून फेकण्याच्या डावांत पाठीबरोबर डोकेही जमिनीवर आपटणे. आखाड्यातील तांबडी माती उकरून, ताक, तेल, हळद इ. घालून मऊ केलेली असते आणि गादीही मऊ असते, त्यामुळे मेंदूला इजा होत नाही असा समज आहे. तो पुरता खरा नाही. मऊ पृष्ठभागामुळे हाडाचे रक्षण होते आणि आघाताचे सरळ बलही कमी होते. फेकला जाताना डोक्याला मिळणारा पीळ मात्र मातीच्या मऊपणाने नाहीसा होत नाही.

कबड्डीत (जुन्या हुतूतूत) चढाईपटू व पकड करणारे विरुद्ध दिशांनी वेगाने एकमेकांवर येतात. घोट्याची पकड करण्यासाठी सूर मारणाऱ्याचे डोके चढाईपटूच्या गुडघ्याच्या व टाचेच्या पातळीवर येते. साखळी पकडीत तर दोन्ही बाजूंनी झेपावणाऱ्या सहकाऱ्यांचीच डोकी एकमेकांवर आदळण्याचा संभव असतो. १९९० मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांत झालेला प्रवेश व २०१४ पासूनची व्यावसायिक लीग यांमुळे या खेळास प्रतिष्ठा व पैसा मिळाला आणि खेळाची गतीही वाढली. शालेय वयातील मुलांच्या सरावाचे तास त्याच प्रमाणात वाढले. प्रत्यक्ष सामन्यापेक्षा सरावाचे तास कितीतरी अधिक असल्याने डोक्यावरील लहानमोठे आघात मुख्यतः सरावातच साठत जातात.

इजा लपविण्याची प्रवृत्ती : पैलवानाचे मोडलेले कान ही त्याच्या मेहनतीची खूण मानली जाते. त्यांचे दुखणे उघड दिसते आणि त्यास मानही मिळतो. मेंदूच्या इजेस असे दृश्य चिन्ह नाही. ‘डोके गरगरते’ म्हणून कुस्ती सोडणाऱ्याला भित्रा ठरविले जाईल, वस्तादांचा विश्वास जाईल, इनामाची जोड हातची निसटेल, या भीतीने मुले तक्रार करीत नाहीत. यात आर्थिक बाजूही आहे. माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांतील क्रीडागुणांची सवलत, शासकीय सेवाभरतीत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण, तसेच पोलीस, सैन्यदल व रेल्वे यांतील संधी या अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने मोठ्या असतात. मुलाच्या खुराकासाठी घराने अनेक वर्षे झीज सोसलेली असते. अशा वेळी निवडचाचणीच्या आठवड्यात बसलेला हादरा मुलगा सांगत नाही आणि पुष्कळदा पालकही त्याविषयी विचारीत नाहीत. म्हणून लपविण्याचा दोष केवळ मुलाच्या माथी मारणे न्याय्य नाही. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याची जागा जाते, तीत लपविणे अटळ होते.

लक्षणे : शुद्ध हरपणे हे हादऱ्याचे आवश्यक लक्षण नव्हे. दहांतील नऊ वा अधिक रुग्णांत ते आढळतच नाही. आघातानंतर लगेच किंवा काही तासांनी दिसणारी लक्षणे चार गटांत मांडता येतात : (१) शारीरिक — डोकेदुखी, मळमळ, चक्कर, तोल जाणे, अंधूक दिसणे, प्रकाश व आवाज सहन न होणे. (२) बौद्धिक — गोंधळ, प्रसंगाचे विस्मरण, उत्तर देण्यास वेळ लागणे, लक्ष न लागणे. (३) भावनिक — चिडचिड, अकारण रडू येणे, धास्ती, खिन्नता. (४) निद्राविषयक — फार झोप येणे किंवा मुळीच न येणे. गुण किती झाले, मागची कुस्ती कोणाशी झाली, आपण कोणत्या गावी आहोत, अशा साध्या प्रश्नांना खेळाडू अडखळू लागला, तर हादऱ्याची शंका घ्यावी.

पुढील चिन्हे मात्र मेंदूतील रक्तस्रावाची किंवा मानेच्या मणक्यांच्या इजेची सूचक असल्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे : वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी, पुनःपुन्हा उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा बेशुद्धी, हातापायांत मुंग्या वा दुर्बलता, दुहेरी दिसणे, मान दुखणे व असाधारण अस्वस्थता. कांदा हुंगविणे, तोंडावर पाणी मारून उठविणे व लगेच चालावयास लावणे हे प्रचलित उपाय अशा वेळी धोक्याचे आहेत, कारण त्यांत वेळ जातो आणि मान हलविली जाते. बेशुद्ध खेळाडूची मान स्थिर ठेवूनच त्यास उचलावे.

निदान : हादऱ्याचे निदान मुख्यतः प्रसंगाचा वृत्तांत व तपासणी यांवरून केले जाते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय ही साधने रक्तस्राव, अस्थिभंग इ. गंभीर इजा वगळण्यासाठी उपयोगी पडतात. ती निर्दोष असणे म्हणजे हादरा बसलाच नाही असे नव्हे. या एका गैरसमजामुळे पुष्कळ खेळाडू ‘स्कॅन चांगला आला’ म्हणून दुसऱ्याच दिवशी मैदानात उतरतात. स्मरण, एकाग्रता, तोल व लक्षणांची तीव्रता मोजणारी प्रमाणित चाचणी वैद्यांसाठी उपलब्ध असून ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तिचा स्वतंत्र नमुना आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या प्रशिक्षकांसाठीही हादरा ओळखण्याचे एक संक्षिप्त पत्रक तयार करण्यात आले आहे.

पुनरावृत्त हादऱ्यांचे परिणाम : पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसल्यास मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नियंत्रण कोलमडून तो झपाट्याने सुजतो व काही मिनिटांतच प्राण धोक्यात येतात. ही अवस्था विरळ असून बहुतेक नोंदी कुमार व तरुण खेळाडूंच्या आहेत. याहून पुष्कळच अधिक प्रमाणात आढळते ती लक्षणे रेंगाळण्याची अवस्था. ती चार आठवड्यांपेक्षा अधिक टिकल्यास स्वतंत्र उपचारांची गरज असते. आधी हादरे बसलेले असणे, अर्धशिशी, अध्ययनातील अडचणी, चिंता वा खिन्नता यांचा पूर्वेतिहास आणि सुरुवातीच्या लक्षणांची तीव्रता या गोष्टींमुळे तिचा संभव वाढतो. दरेक हादऱ्यागणिक पुढचा हादरा कमी बलानेही बसतो आणि बरे होण्यास अधिक दिवस लागतात, असा अनेक खेळाडूंच्या बाबतीत अनुभव आहे.

दीर्घकालीन परिणामांपैकी सर्वांत चर्चिला गेलेला विकार म्हणजे चिरकारी आघातजन्य मस्तिष्कविकृती होय. तीत टाऊ नावाच्या प्रथिनाचे विकृत साठे मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती जमतात. याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीनेच होते. तिचा संबंध एखाद्या हादऱ्यापेक्षा वर्षानुवर्षे बसलेल्या एकूण आघातांशी, म्हणजेच लक्षणे न उमटविणाऱ्या लहान आघातांशीही, अधिक दिसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील पाहणीत ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. २०२३ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी तिशीच्या आत मृत्यू पावलेल्या १५२ खेळाडूंचे मेंदू तपासले असता ६३ जणांत ही विकृती आढळली. परंतु हे मेंदू लक्षणांमुळे चिंतित झालेल्या कुटुंबांनी दान केलेले असल्याने हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही.

याच अभ्यासातील दुसरी बाब रुग्णांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. विस्मरण, खिन्नता, निराशा ही लक्षणे विकृती असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गटांत विपुल होती. याचा अर्थ असा की, अशी लक्षणे असलेल्या तरुणाने आपला मेंदू कायमचा नासला, असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे. त्याच्या त्रासाच्या मुळाशी अर्धशिशी, अपुरी झोप, मानेची इजा, खिन्नता, व्यसन यांपैकी एक वा अनेक उपचारसाध्य कारणे असू शकतात. निदानाच्या भीतीने उपचार टाळणे हीच या विकारातील मोठी हानी होय.

परिणामांसह जीवन : आखाडा सोडावा लागलेल्या विशी-पंचविशीच्या तरुणाचे चित्र बहुधा असे असते : उन्हात शेतावर काम केले की डोके ठणकते, लग्नाच्या मांडवातील वाजंत्री सहन होत नाही, दुकानातून काय आणावयाचे ते विसरते, पान वाचून झाले तरी अर्थ लागत नाही आणि क्षुल्लक कारणावरून घरात भांडण होते. शरीर धडधाकट दिसत असल्याने ‘एवढा पैलवान गडी, पण अंग मोडून काम करीत नाही’ असे लोक बोलतात. काही घरांत हा बदल बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपारा केला जातो, तर काही ठिकाणी लग्न लावून दिले की सुधारेल, असे सुचविले जाते. या दोहोंमुळे वेळ जातो, दुसऱ्या उपायाने तर आणखी एका व्यक्तीचे आयुष्य गुंतते. स्वभावातील बदल हा इजेचा परिणाम आहे, ती हट्टीपणाची किंवा आळसाची खूण नव्हे, एवढे घरच्यांना उमगले तरी रुग्णाचा निम्मा भार हलका होतो.

खेळ सुटल्याचे दुःख वेगळे मानले पाहिजे. वयाच्या दहाव्या वर्षापासून पहाटेचा जोर-बैठकांचा दिनक्रम, तालमीतील सोबती, गावातील मान, पुढील नोकरीची आशा हे सारे एकदमच जाते. खुराक तसाच राहून व्यायाम बंद पडल्याने वजन वाढते. काही तरुण झोपेसाठी वा दुखणे विसरण्यासाठी मद्याकडे वळतात. हादरलेल्या मेंदूला मद्य अधिकच बाधते. जगण्याचा कंटाळा, मरणाचे विचार अशी भाषा रुग्णाच्या तोंडी आल्यास ती गंभीरपणे घेऊन मनोविकारतज्ञाकडे न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालू असून तीवर मराठीतही बोलता येते.

उपचार व पुनर्वसन : हादऱ्याची शंका येताच खेळाडूस त्या दिवसापुरते तरी खेळातून पूर्णपणे बाहेर काढणे, हा पहिला उपचार होय. नंतरचे २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती द्यावी. या काळात घरातील हलकी हालचाल चालते, परंतु मोबाइल, दूरचित्रवाणी व वाचन शक्य तितके कमी असावे. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला असून दोन दिवसांनंतर चालणे वा हलका व्यायाम सुरू केल्याने लक्षणे लवकर मावळतात, असे सिद्ध झाले आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणे थांबविण्यासाठी वैद्याच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल देता येते. ॲस्पिरीन व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

खेळाकडे परतण्याचे सहा टप्पे मानतात : दैनंदिन हालचाली, हलका व नंतर मध्यम श्वसनव्यायाम, खेळाशी निगडित एकट्याचा व्यायाम, धडक नसलेला सराव, वैद्याच्या संमतीने पूर्ण सराव आणि शेवटी स्पर्धा. प्रत्येक टप्प्यास किमान २४ तास द्यावेत आणि लक्षणे पूर्णपणे गेल्याखेरीज चौथ्या टप्प्यावर जाऊ नये. पैलवानाच्या भाषेत सांगावयाचे, तर आधी चालणे, मग हलकी दौड, मग जोर-बैठका व एकट्याने डावांची फिरत, मग जोडीदाराबरोबर पटकी न देता डाव घोटणे आणि सर्वांत शेवटी लढत. शाळेत परतणे हे खेळात परतण्याच्या आधी यावे. काही दिवस अर्धवेळ शाळा, मधूनमधून विसावा व परीक्षेस सवलत यांची व्यवस्था शिक्षकांनी करावी.

रेंगाळलेल्या लक्षणांवर एकच औषध नाही. प्रत्येक लक्षणाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अर्धशिशीसारख्या डोकेदुखीवर प्रतिबंधक औषधे उपयोगी पडतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ वा अधिक दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडते, हे ध्यानात ठेवावे. चक्कर व तोल यांसाठी अंतर्कर्णाचे व्यायाम, मानदुखीसाठी भौतिकी चिकित्सा, तर खिन्नता व चिंता यांसाठी मानसोपचार व औषधे देतात. झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरविणे, कामांची यादी लिहून ठेवणे, एका वेळी एकच काम करणे, थकवा येण्यापूर्वीच थांबणे, रोज ठराविक अंतर चालणे, हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील रुग्णांना मिरज व कराड येथील वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये जवळची आहेत. मिरज तर १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी स्थापिलेल्या रुग्णालयापासून वैद्यकीय सेवेचे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. त्यात आघातजन्य मेंदूच्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. परिणामी अशा रुग्णास, त्याच्यात उरलेले व्यंग मानसिक विकार, चिरकारी तंत्रिका विकार यांसारख्या सूचीतील एखाद्या प्रकारात बसत असेल, तरच प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणून प्रत्येक इजेच्या वेळचे कागद जपून ठेवणे हिताचे असते.

प्रतिबंध : अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये, हादऱ्याची शंका असलेल्या अल्पवयीन खेळाडूस वैद्याच्या लेखी संमतीखेरीज खेळू देऊ नये, असा कायदा केला. २०१४ पर्यंत तेथील सर्व राज्यांत तत्सम कायदे झाले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारण्यास शिकवू नये, असा निर्देश दिला. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही कुमारवयीन गटांत मान दाबणारी दुहेरी नेल्सन पकड निषिद्ध आहे. शिरस्त्राणाने कवटीचे व त्वचेचे रक्षण होते, मात्र मेंदूच्या आतील पीळ ते थांबवू शकत नाही. त्यामुळे त्यावर विसंबून राहता येत नाही.

तालीम व क्रीडामंडळ यांच्या पातळीवर खर्चावाचून करता येण्यासारखे उपाय पुष्कळ आहेत. फेकण्याच्या डावांचा पूर्ण जोराने सराव आठवड्यातील ठराविक दिवसांपुरता ठेवणे, जोडी लावताना वय व वजन यांबरोबर अनुभवही पाहणे, पडण्याचे तंत्र व हनुवटी छातीशी घेण्याची सवय डावांच्या आधी शिकविणे, मानेचा व्यायाम नित्य ठेवणे, पकड करताना डोके बाजूस ठेवण्याची शिस्त लावणे हे त्यांतील प्रमुख होत. तालमीच्या वहीत प्रत्येक मुलाला लागलेल्या डोक्याच्या माराची तारीखवार नोंद ठेवल्यास तिसऱ्या वा चौथ्या माराच्या वेळी निर्णय घेणे सुलभ होते. यात्रेच्या मैदानावर पंचांव्यतिरिक्त एका जाणत्या व्यक्तीस कुस्ती थांबविण्याचा अधिकार असावा आणि थांबविलेल्या कुस्तीतही मानधन बुडू नये. इजा सांगितल्याने नुकसान होत नाही, हे अनुभवास आल्यावरच मुले ती सांगू लागतील.

या जिल्ह्यांतील तालमींत वस्तादांचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यामुळे या बाबतीत कायद्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यांच्या निर्णयास आहे. घोटा मुरगळलेल्या मल्लास जे वस्ताद महिनाभर आखाड्यात उतरू देत नाहीत, त्यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलास तेच पथ्य लावले, तर कुस्तीच्या परंपरेस काहीही बाध न येता पुढील पिढीतील पुष्कळ हानी टळण्यासारखी आहे.